उजव्या बाजूचं दार

रविवार, २१ सप्टेंबर २०२५

आज सर्वपित्री. नवी वही आजपासून. जुनीत पानं शिल्लक होती, पण ती ओलसर होऊन एकमेकांना चिकटली.

सकाळी परसात पानं वाढली. आजोबा, आजी, बाबा, आई. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, भोपळ्याची भाजी, खीर. कावळ्याने साडेबारापर्यंत तंगवलं. मी हात धुऊन वळलो तर गंगावहिनी भिंतीला धरून मागे उभ्या. डॉक्टरांनी पायरी उतरायची नाही असं सांगितलंय. ऐकतात कुठे!

"भावजी, पाचवं पान कवा वाढायचं?"

मी म्हटलं, "कोणाचं?" उगाच म्हटलं. कोणाचं ते मला ठाऊक होतं.

ही वही कधीतरी माझी पुतणी ज्ञानेश्वरी हिच्या हाती लागेल, म्हणून नीट लिहून ठेवतो. माझा थोरला भाऊ शिवराम, म्हणजे वहिनींचा नवरा, ज्ञानाचा बाप, हवाई दलात नॅव्हिगेटर होता. एकाहत्तरच्या लढाईत ८ डिसेंबरच्या रात्री त्याचं कॅनबेरा विमान बॉम्ब टाकायला समुद्रावरून पश्चिमेला गेलं आणि परत आलं नाही. विमान सापडलं नाही, दादाही नाही. ज्ञाना तेव्हा दोन महिन्यांची. वहिनी बावीस वर्षांच्या, मी एकोणीसचा.

शरीर मिळालं नाही तर पळसाच्या देठांचा देह करून त्याला अग्नी देतात. पालाशविधी म्हणतात. तो झाला की माणूस पितरांत जातो, त्याला पान वाढता येतं. होत नाही तोवर तो जिवंत. बारा वर्षांनी भटजी स्वतः चालत विचारायला आले होते. घराचा कर्ता मी. मी होऊ दिला नाही, कारण माझी खात्री झाली नव्हती.

वहिनी म्हणाल्या, "चोपन्न वर्षां उपाशी हाय तो मानूस. सगळ्यांना वाढतो आपन, त्यालाच नाय. माझं काळीज दमलाय, डाक्टर बोलला ता तुमीपन ऐकलात. मी हाय तोवर करा."

मी म्हटलं, बघू.

माझ्या 'बघू'चा अर्थ वहिनींना माहीत आहे. त्या आत गेल्या. खीर मात्र खाल्ली नाही.

गुरुवार, २५ सप्टेंबर

आमच्या गावच्या, पालीच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापिका नम्रताबाई आल्या होत्या. दादा त्याच शाळेचा. १६ डिसेंबरच्या विजय दिवसाला त्याच्या विमानाची प्रतिकृती काचेच्या पेटीत ठेवायची आहे. "सर, तुम्ही आयटीआयमध्ये पस्तीस वर्षं सुतारकाम शिकवलंत. विकतची आणून ठेवली तर बरं दिसेल का?" बाई बोलायला हुशार. कुठून कुठून नकाशे मिळवून, मोठ्या कागदावर छापून आणले होते.

नकाशे पाहिले आणि हात शिवशिवायला लागले. खोटं कशाला लिहू?

मग पाटीचा विषय निघाला. त्या म्हणाल्या, "हुतात्मा फ्लाइट लेफ्टनंट शिवराम धनावडे, असं लिहू ना?"

"बेपत्ता लिहा."

"पण सर, सरकारी कागदावर..."

"सरकारी कागदावर 'मृत समजण्यात येत आहे' असं आहे. समजण्यात येत आहे म्हणजे मेला नव्हे."

बाईंनी अर्धा चहा तसाच ठेवला. इतकं तोडून बोलायला नको होतं.

त्या गेल्यावर वहिनी आतून म्हणाल्या, "विमान करा. पन माझं काम आधी."

दोन्ही करू म्हटलं. माप एकास चोवीस धरलं. लांबी त्र्याऐंशी सेंटिमीटर, पंखांची एकूण रुंदी एक्याऐंशी.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

लाकूड जमालने दिलं. जमाल राजिवड्याचा, माझा शाळेपासूनचा दोस्त. चाळीस वर्षं परदेशी जहाजांवर सुतार होता, आता घरी बसून नातवंडांना होड्या करून देतो. पांगाऱ्याचा ओंडका त्याने दोन वर्षं सावलीत सुकवला होता. पंखांना शिवणीचं लाकूड माझ्याकडे होतं.

विमानाचं धड मी दोन अर्ध्यांत करतोय. दोन फळ्यांमध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून सरस लावायचा, एकच ओंडका समजून लेथवर कातायचं आणि मग सांध्यावर पटाशी धरून एक टिचकी. बरोबर मधून सुटतं. मग आतून पोखरता येतं. मुलांना मी हे शिकवायचो तेव्हा ती टाळ्या वाजवायची.

आज टिचकी मारली. सुटलं. टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं, वहिनी झोपल्या होत्या.

बाहेरून दिसतं तेवढं करून भागलं असतं. जमालही तेच म्हणाला. पण मला अर्धवट काम जमत नाही. आतल्या खुर्च्या, यंत्रं, दोन माणसं, सगळं करणार.

शनिवार, ११ ऑक्टोबर

पंख झाले. दोन दिवस छान गेले, वहिनींचा दमही कमी आहे. दुपारी पडवीत माझ्यासमोर खुर्ची टाकून बसल्या आणि तांदूळ निवडत कामाकडे बघत राहिल्या. मी बोलत होतो. इथे इंजिन, इथे बॉम्ब, इथे तेल. त्या हूं हूं करत होत्या.

मग म्हणाल्या, "आनि ती उडनारी खुर्ची?"

ही गोष्ट मी ज्ञानाला लहानपणी सांगायचो. विमानाला आग लागली की एक दांडा ओढायचा, मग खुर्चीच माणसाला घेऊन आभाळात उडते. मग छत्री उघडते. बाबा असेच कुठेतरी उतरलेत, तिथल्या लोकांनी त्यांना धरून ठेवलंय, सुटले की येतील. ज्ञाना रोज रात्री हीच गोष्ट मागायची. वहिनी चुलीपाशी ऐकत असायच्या.

म्हटलं, "करणार ना, खुर्ची पण करणार."

आज उगाच त्र्याहत्तर सालची आठवण आली. वहिनींचे वडील पावसहून पालीला आले होते. लेकीला आणि नातीला न्यायला. पावसच्या शाळेतला एक मास्तर, बायको बाळंतपणात गेलेली, त्याच्याशी पाट लावायचं त्यांच्या मनात होतं. आमच्यात पाट लागतो, त्यात गैर काही नाही. बाबा खाली मान घालून बसले होते. मी एकवीस वर्षांचा, पण उंबऱ्यात उभा राहिलो आणि म्हटलं, "वहिनीचा नवरा जिवंत आहे. जिवंत माणसाच्या बायकोचा पाट लावता?" म्हातारा उठला, नातीच्या हातावर खडीसाखर ठेवली आणि गेला. पुन्हा आला नाही.

त्या दिवशी घर मी राखलं, असं मला अजून वाटतं. पुढे मला नोकरी लागल्यावर ज्ञानाच्या शाळेसाठी दोघींना इथे रत्नागिरीला आणलं. लोक काय काय बोलले. माझं वागणं कसं होतं ते देवाला माहीत आहे. लग्नाचं म्हणाल तर माझं राहूनच गेलं. वेळ मिळाला नाही.

रविवार, १९ ऑक्टोबर

ज्ञाना दिवाळीला आली. विरारला शाळेत शिकवते. तिच्या नवऱ्याला सुट्टी नाही, एकटीच आली. आईचे सुजलेले पाय पाहिले आणि बॅग खाली ठेवायच्या आधी माझ्याकडे वळली.

"काका, आई फोनवर रडते. विधी का करत नाही तुम्ही?"

"खात्री नाही."

"दादरला ओळखीचे गुरुजी आहेत. मुलगी विधी करू शकते. मी करते."

"कर्ता घरात असताना?"

"मग कर्त्याने करावा! काका, बाबा असते तर आज एक्याऐंशी वर्षांचे असते. कुठल्या तुरुंगात एक्याऐंशी वर्षांचा माणूस ठेवतात?" मग म्हणाली, "तुम्हाला नक्की भीती कसली वाटते?"

मी उठून पडवीत आलो आणि शेपटाला पॉलिशपेपर मारत बसलो. वयाने चोपन्न झाली तरी बोलणं अजून धसमुसळं. भीती कसली? मला कशाची भीती?

वहिनींनी तिला गप्प केलं. तिला म्हणाल्या, "ते करतील. माझा शब्द त्यांनी कवा मोडलानी नाय." हे ऐकून बरं वाटायला हवं होतं.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

आज पुढचा भाग काढला. पायलटची जागा डावीकडे, वर काचेचा फुगा. त्याची खुर्ची मी शिवणीची केली, वर लाल दांडासुद्धा लावला. छान झाली.

मग नॅव्हिगेटरची जागा. ती खाली, उजवीकडे पुढे. बॉम्ब टाकताना त्याने नाकाच्या टोकाशी पालथं पडून काचेतून बघायचं. त्याची खुर्ची काढायला नकाशा पाहिला. मग दुसरा पाहिला. वरून, बाजूने, छेद घेतलेला, सगळे पाहिले.

खुर्ची आहे, पण साधी. उडणारी नाही.

खाली इंग्रजीत लिहिलंय. दादा ज्यात होता त्या प्रकारच्या विमानात उडणारी खुर्ची फक्त पायलटला. नॅव्हिगेटरने वेळ आली तर उठायचं, छत्री छातीला अडकवायची, उजव्या बाजूचं दार उघडायचं आणि उडी मारायची.

दार मी मोजलं. माझ्या मापात साडेतीन सेंटिमीटर. दादाची आकृती आधीच करून ठेवली होती. ती धरून दारातून बाहेर काढून पाहिली. वाकवावी लागते, आणि पाठीवरची छत्रीची पट्टी चौकटीत अडकते. विमान तेव्हा लाटांवरून जेमतेम पाचशे फुटांवर. वरून आग.

मी घड्याळ लावून करून पाहिलं. बोटांनी, घाई न करता. चौदा सेकंद लागले.

बुधवार, २९ ऑक्टोबर

काम केलं नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

जमाल आला. विमान तसंच पडलेलं पाहून म्हणाला, "काय रं केरू, दमलास?"

मी त्याला खुर्चीचं सांगितलं. त्याने नकाशा हातात घेतला, चष्मा वर करून बराच वेळ पाहिला. जहाजावरचा सुतार, त्याला जास्त सांगावं लागलं नाही.

"ह्यातसून काळोखात मानूस भायेर येल?"

मी म्हटलं, येऊ शकतो. अशक्य असं काही नसतं.

"माझा भाऊ अडुसष्टला लाँचवरसून पडला. म्हयनाभर अब्बांनी वाट बगितली. मंग मशिदीत गायबाना जनाजा पढला. समोर मय्यत नाय, तरी नमाज पढली. अम्मा त्या रात्री पयल्यांदा झोपली." मग नकाशा गुंडाळत म्हणाला, "तुज्या भावाला तू दारात उभा करून ठेवलंस. भायेर जाऊ देत नाय, आत येऊ देत नाय."

मी रागाने त्याला म्हटलं, तुझ्या घरच्याची गोष्ट वेगळी. पडताना लोकांनी पाहिला होता त्याला.

जमाल म्हणाला, "आनि शिवाला कोनी नाय बगितला?"

जमालने पन्नास वर्षांत हे कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं आणि उत्तराची वाट न बघता चपला घालून गेला.

रविवार, १६ नोव्हेंबर

झालं. अक्षर लागणार नाही, पण लिहितो.

दुपारी वहिनी म्हणाल्या, मला त्यांची जागा दाखवा. मी विमान त्यांच्या पलंगावर आणलं. धडाचा वरचा अर्धा काढला आणि दाखवलं. हा पायलट. हा दादा.

त्यांनी चष्मा लावून वाकून पाहिलं. आकृतीच्या डोक्यावरून करंगळी फिरवली. मग पायलटच्या खुर्चीचा लाल दांडा पाहिला.

"ही उडते ती?"

"हो."

"ह्यांची अशी का नाय?"

मी म्हटलं, लहान आहे, दिसत नाही नीट. त्या म्हणाल्या, "भावजी, मला दिसता. ह्यांची का नाय?"

मग मी सांगितलं. दार दाखवलं. त्यांनी नखाने ते दार उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"ह्या दारातून भायेर येता येता?"

मी नाही म्हटलं. पहिल्यांदाच म्हटलं. आणि एकदा तोंड उघडलं तसं बाकीचंही बाहेर पडलं, ते मला थांबवता आलं नाही.

बहात्तरच्या फेब्रुवारीत दादाच्या तुकडीतल्या एका अधिकाऱ्याचं कार्ड आलं होतं, अमुक दिवशी भेटायला येतो म्हणून. वहिनींनी मला पालीच्या एस.टी. स्टँडवर आणायला पाठवलं. तो आला होता. मी घरी येऊन सांगितलं, कोणी उतरलं नाही. पण तो आला होता. स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही बसलो. तो मागच्या विमानात होता. त्याने दादाचं विमान पेटताना पाहिलं आणि पाण्यात जाताना पाहिलं. कोणी बाहेर आलं नाही, हे त्याने दोनदा सांगितलं. त्याला वहिनींना स्वतः सांगायचं होतं. मी म्हटलं, बाळंतीण बाई आहे, धसका घेईल, मी सावकाश सांगतो. पुढच्या गाडीत त्याला बसवून दिला.

वहिनींनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "मी कोंबडा कापला होता त्या दिवशी. वडे केले होते."

मी म्हटलं, हो.

"पावना आला नाय म्हनालात आनि जेवायला बसलात. दोनदा भात घेतलात. त्याच्या वाटनीचा पन तुमी जेवलात."

मला हे आठवत नव्हतं. आता आठवतंय.

"का नाय सांगलात?"

मी सांगितलं. आईचं दुखणं होतं. बाबा खचले होते. तुम्ही अंगावर पाजत होतात. मग दिवस गेले, मग सांगायची वेळ निघून गेली.

"खरं सांगा."

"हेच खरं आहे, वहिनी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं एका घरात राहिलो, पण असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाल्या, "पावसचा मास्तर मी बगितला होता. नदीवर, लांबसून. वाईट नव्हता."

विमान उचलून घेऊन जा म्हणाल्या. मी नेलं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

वहिनी बोलत नाहीत. मी पेज नेऊन ठेवतो, त्या पितात. औषध देतो, घेतात. सगळं करतात, फक्त बोलत नाहीत.

मी पुन्हा पुन्हा विचार करतोय, दुसरं कुठलं कारण होतं का? नाही सापडत. त्या दिवशी स्टँडवरून घरी चालत येताना वहिनी दारात उभ्या होत्या, ज्ञाना कडेवर, आणि मी येताना दिसल्यावर त्या हसल्या. एवढंच आठवतंय. म्हणून का कोणी असं करतं?

सोमवार, २४ नोव्हेंबर

ज्ञाना आली. आईने फोनवर सांगितलं असणार. मला नमस्कार केला नाही. दोन दिवस रजा टाकून आली आहे.

भटजींना बोलावलं. मी तारीख सांगितली, त्यांनी पंचांग काढलं. ८ डिसेंबर १९७१ ची रात्र, मार्गशीर्ष वद्य सप्तमी. यंदा तीच तिथी ११ डिसेंबरला आहे. त्या दिवशी भाट्याला खाडीच्या तोंडाशी विधी करायचा ठरलं. समुद्रात गेलेला माणूस, म्हणून तिथे.

ज्ञाना म्हणाली, "विधी मी करणार." भटजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

नम्रताबाईंना फोन करून पाटीवर हुतात्मा घाला म्हटलं. त्या म्हणाल्या, "काही कळलं का सर?" मी म्हटलं, हो, कळलं.

बुधवार, ३ डिसेंबर

वहिनींना परवापासून धाप जास्त आहे. इस्पितळात चला म्हटलं तर मान हलवतात. डॉक्टर घरी येऊन गेले. फुप्फुसात पाणी झालंय. ज्ञाना मुलांच्या परीक्षा आटोपून नऊ तारखेला रात्रीच्या गाडीने निघणार आहे.

आज वहिनी पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. उशीला टेकवून बसवलं तेव्हा म्हणाल्या, "अकरा तारीख गाठते का नाय कोन जाने."

मी म्हटलं, गाठाल.

"नाय गाठली तर एक ऐका. मला हिरवं नेसवू नका. अहेव म्हनून नेऊ नका. लोकांच्या हळदीकुंकवाला गेले आनि ओटी भरताना त्या बायांचा हात अडखळायचा, ता मी पन्नास वर्षां बगितला. जाताना तरी खरी जाऊ दे."

मी शब्द दिला.

बुधवार, १० डिसेंबर

वहिनी काल सकाळी साडेसातला गेल्या. पेजेची वाटी माझ्या हातात होती. मी चमचा पुसायला वळलो तेवढ्यात.

ज्ञानाला फोन केला. ती मिळेल त्या गाडीने निघाली. नऊपर्यंत आळीतल्या बाया जमल्या, पालीहून चुलतभावाची बायको आली, बयोवहिनी. तिनेच सगळं हातात घेतलं. तिच्या पिशवीत हिरवी साडी होती. बोलावल्याबरोबर ती घेऊनच आली होती.

मी खोलीच्या दारात जाऊन म्हटलं, "हिरवी नको. पांढरी, नाहीतर रोजची नेसवा. त्यांनी सांगून ठेवलंय."

बयोवहिनी म्हणाली, "असां काय बोलतास भावजी? अहेव बाई ती."

"अहेव नाहीत. दादा एकाहत्तर सालीच गेला. मला माहीत होतं. ज्याने बघितलं तो माणूस मला सांगून गेला होता."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मग बयोवहिनीने माझा दंड धरला, मायेने, पोराला धरावा तसा. "बसा वायच. डोका फिरलाय तुमचा, रात्रभर जागलास. विधी झाला काय शिवाभावजींचा? नाय ना? मग? नशीबवान बाई, कुंकू घेऊन गेली. तिच्या तोंडावर असां अभद्र बोलू नका."

भटजींना फोन लावला. म्हटलं, तुम्ही सांगा यांना. ते म्हणाले, "काका, आता तुम्हाला सुतक. परवाचा विधी होणार नाही, तेरावं झाल्यावर बघू. आणि तोपर्यंत विधी झालेला नाही, म्हणजे त्या सौभाग्यवतीच. मी वेगळं कसं सांगू?"

मी आणखी एकदा दारात गेलो. मला कोणीतरी खुर्ची दिली, पाणी दिलं. जमाल बाहेर मांडवाखाली बसला होता, तो उठून आत आला आणि माझ्याशेजारी उभा राहिला. पण तो काय बोलणार?

मी तिसऱ्यांदा बोललो नाही. ओरडायला हवं होतं. साडी ओढून काढायला हवी होती. मी पाण्याचा पेला हातात धरून बसलो.

हिरवी साडी, हिरवा चुडा, कपाळभर कुंकू, अबोलीचे वळेसर, ओटीत नारळ. आळीतल्या सगळ्या बाया एकेक करून आत गेल्या आणि त्यांच्या कपाळाचं कुंकू बोटाने घेऊन आपल्या कपाळाला लावून बाहेर आल्या. ज्यांचा हात अडखळायचा त्याही.

ज्ञाना संध्याकाळी पाचला पोचली. धावत आत गेली आणि थांबली. कितीतरी वेळ आईकडे बघत उभी होती. मग बाहेर आली.

"काका, तुम्ही इथेच होतात ना?"

मी म्हटलं, होतो.

सोमवार, १५ डिसेंबर

शाळेची माणसं येऊन विमान घेऊन गेली. सुतकामुळे मी समारंभाला जाणार नाही. पंखांवर रंगाचा शेवटचा हात राहिलाय. बाई म्हणाल्या, काचेतून दिसणार नाही.

ज्ञाना घरात वावरते, स्वयंपाक करते, माझं ताट वाढते. आईसारखीच. बोलत नाही.

मंगळवार, २३ डिसेंबर

आज दादाचा विधी झाला.

सकाळी सातला भाट्याला गेलो. ज्ञाना, भटजी, मी. जमालने रिक्षा ठरवली होती, तो वर रस्त्यावरच थांबला. ओहोटी होती, वाळू ओली आणि घट्ट. भटजींनी पळसाचे देठ आणले होते, तीनशे साठ. डोक्याच्या जागी नारळ. हाताला इतके, छातीला इतके, पायाला इतके, सगळं मोजून ठरलेलं असतं. मी बांधायला हात पुढे केला. ज्ञाना म्हणाली, "मी करते." मी बाजूला झालो.

मग भटजी म्हणाले, देह त्या माणसाच्या उंचीचा हवा. किती उंच होते?

ज्ञानाने माझ्याकडे पाहिलं. तिने बापाला कधी पाहिलेलं नाही. घरात फोटो आहे तोही बसलेला. आकडा मलाही माहीत नव्हता. म्हटलं, माझ्यापेक्षा चार बोटं जास्त. आम्ही लहानपणी पाठीला पाठ लावून बघायचो.

"मग तुम्हीच जरा आडवे व्हा," भटजी म्हणाले. "तुमच्या मापाने आखून घेतो, वर चार बोटं धरू."

मी वाळूवर उताणा झालो, पाय दक्षिणेला. ज्ञाना माझ्या डोक्यापाशी बसली, माझ्या टाळूवर चार बोटं आडवी धरली आणि काठीने वाळूत रेघ ओढली. मग पायांशी जाऊन दुसरी. तिची बोटं थंड होती. महिन्याभरात तिने मला पहिल्यांदाच हात लावला. मी डोळे मिटून घेतले. लाटांचा आवाज जमिनीतून येत होता. खांद्याजवळून, कमरेजवळून काठी फिरली. मला फार शांत वाटलं, इतकं कधी वाटलं नव्हतं, आणि मी तसाच पडून राहिलो. किती वेळ ते कळलं नाही.

"काका," ज्ञाना म्हणाली, "उठा आता. तिथे बाबांना ठेवायचंय."

मी उठलो, अंगाची वाळू झटकली आणि लांब जाऊन उभा राहिलो.